वर्षाचं तिखट

चुडाव्याच्या बाजारात लोक म्हणत, खडकवाडीत गुपित ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी साठवायचं. ते काही खोटं नव्हतं. आता चाळणीला भोकं कुणी पाडली, यावर गावात एकच मत होतं, कारण मत फक्त पुरुषांना विचारलं जायचं. ते म्हणत, बायकांनी.

मनकर्णाचं मत वेगळं होतं, आणि कुणी विचारायची वाट बघत बसणारी ती बाई नव्हती. बन्सीधरची ती बायको. घरी बेताची जमीन, एक बैलजोडी, सासू धुरपताबाई आणि आठ वर्षांची लेक विमल. मनकर्णाचं माहेर झरीचं. तिथं लहानपणी पंतोजी ओट्यावर पोरांना शिकवायचे आणि ही खांबाआड उभी राहून ऐकायची. एकदा पंतोजींची नजर गेली आणि त्यांनी तिला गाईला पाणी दाखवायला पिटाळलं. गाय पाणी पिऊन कधीच मोकळी झाली होती, पण मनकर्णाच्या घशात ते अजून अडकलेलं होतं.

गोष्ट आहे अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यातली. बाकी देशात स्वातंत्र्य येऊन वर्ष होत आलं होतं, आमच्या परभणी जिल्ह्यात मात्र अजून निजामाचा अंमल. तिरंगा लावला की तुरुंग, सभा भरवली की तुरुंग, आणि मराठी शाळेचं नाव काढलं की तहसीलचा शिपाई दारात हजर. अशा दिवसांत बन्सीधरनं आणि शेजारच्या सटवाजीनं चळवळीत उडी घेतली. त्यांना ओढलं बापूनं. बापू म्हणजे परभणीच्या एका मास्तरांचा मुलगा, शिक्षण सोडून भूमिगत झालेला. रेल्वेनं चुडाव्याला पत्रकं यायची, ती गावोगाव पोचवायची, असं यांचं काम. तिघंही ओढ्यापलीकडच्या मळ्यात दडून राहत. रात्री गावात पोलिसांची गस्त असायची, म्हणून भर दुपारी, गाव उन्हानं आडवं झालं की हळूच घरी येऊन जेवून जात.

पण गावात पोलीस आलेले असले, तर ते मळ्यात कळायचं कसं? सटवाजीनं शक्कल काढली. त्याचा म्हातारा बाप मुंजाजी घुबडाचा आवाज हुबेहूब काढायचा. धोका दिसला की म्हाताऱ्यानं घुमायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी, नुसतं करून बघायला म्हणून, भर बारा वाजता मुंजाजी असा काही घुमला, की घुबड कुणाच्या घरावर बसलं ते बघायला निम्मं गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं. सटवाजीच्या बायकोनं, कडूबाईनं, घाबरून घरादाराची दृष्ट काढली. आणि मळ्यातल्या तिघांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही.

त्या दिवशी तिघं जेवायला बसले असताना भाकरी वाढता वाढता मनकर्णा म्हणाली, "घुबडं कशाला पायजेत? वाळवण हाय की."

"वाळवणाचं काय?" बन्सीधरनं विचारलं.

"मळ्यातून आपलं माळवद दिसतं का न्हाई?"

दिसायचं. खडकवाडीतली घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपरांची, आणि गाव उंचवट्यावर. उन्हाळ्यात या माळवदांवर बायकांचं राज्य. कुरडया, पापड, शेवया, मिरच्या, सगळं तिथं वाळत पडायचं. बाप्यांना वर यायला सक्त मनाई. वाळवणावर बाप्याची सावली पडली की पापड लाल होतात, असं गावातल्या बायका पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या होत्या. दुपारी घटकाभर पाय पसरून बोलायला एक तरी जागा असावी म्हणून कुणा शहाण्या बाईनं ते सुरू केलेलं असणार, दुसरं काय!

"धोका असंल तर म्या वर लाल मिरच्या पसरीन," मनकर्णा म्हणाली. "न्हाई तर कुरडया. लाल दिसलं की मागं फिरायचं, पांढरं दिसलं की जेवायला यायचं. कडूबाई अन् पल्याडच्या चतुराबाईच्या माळवदावर बी तसंच करू. तिन्ही लागूनच हायेत."

बन्सीधर हसला. "बायकांच्या हाती गुपित द्यायचं? बायकांच्या पोटात तीळ तरी भिजतो का?"

"मग घुबड कुणाच्या पोटातून वरडलं?"

बापूला हसताना ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला, "दादा, वैनी म्हणायल्यात तेच करू."

मनकर्णानं भाकरीची टोपली खाली ठेवली. "पर माझी एक अट हाय. बापू, आपलं राज आलं तर गावात मराठी शाळा निघंल का?"

"निघणारच."

"मग त्या शाळंत पहिल्या दिवशी माझी विमल बसली पायजे. पोरांच्या संगंच. खांबाआड न्हाई."

बन्सीधरनं समोरच्या ताटावर हात ठेवला. "अन्नावर हात ठिवून सांगतो, बसंल. झालं? आता आमटी वाढ." त्याला वाटलं, निजाम कधी जायचा, शाळा कधी निघायची! मनकर्णानं आमटी वाढली आणि शब्द मनात जपून ठेवला.

सगळा चैत्र ही युक्ती बिनबोभाट चालली. चुडाव्याच्या वाटेवर धूळ उडाली की तिन्ही माळवदांवर मिरच्या, धूळ बसली की कुरडया. चतुराबाई तर गावचं वर्तमानपत्र, पण तिच्याही तोंडून अवाक्षर निघालं नाही. उलट सटवाजीच एकदा बाजारात कुणाला तरी म्हणाला, "आमच्याकडं लय भारी बंदोबस्त हाय, पर सांगता येत न्हाई." कडूबाईनं घरी आल्यावर त्याची जी हजेरी घेतली, ती तहसीलदाराला जमली नसती.

सांगितलं नव्हतं ते फक्त धुरपताबाईला. बन्सीधरनंच बजावलं होतं, "मायला कळलं तर बाजारभर व्हईल." त्यामुळं म्हातारी चक्रावून गेली. सून दिवसातून दोनदा मिरच्या वर नेते, दोनदा खाली आणते. "मिरच्या हायेत का लेकरं गं?" ती विचारायची. "सारखं न्ह्यायचं, आणायचं!"

"ऊन लागतंय त्यायला, आत्याबाई," मनकर्णा सांगायची. सासू तिच्याकडं बघत राहायची.

मग आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडं वर्षाचं तिखट आखितीच्या आत कुटून डेऱ्यात भरायचं, नंतर कुटलेलं टिकत नाही म्हणतात. आणि कुटायचंही एकट्यानं नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मिरच्या एका उखळाशी आणायच्या आणि एका दिवसात निकाल लावायचा. मनकर्णाला वाटलं होतं, एक टोपलं मागं ठेवू. पण त्या सकाळी ती ओढ्यावर धुणं धुवायला गेली, आणि धुरपताबाईनं मुहूर्त साधला. कडूबाई आणि चतुराबाई "टोपलंभर ठिवा की" म्हणत राहिल्या, पण कारण सांगता येईना आणि म्हातारीसमोर कारणाशिवाय बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. "अर्धवट तिखट कुटत असत्यात का कुठं?" असं म्हणून तिनं शेवटची मिरचीसुद्धा उखळात घातली. वर रिकाम्या माळवदांवर तिनं हौसेनं कुरडया पसरल्या, तिन्ही घरांच्या. पांढऱ्याशुभ्र.

मनकर्णा धुणं डोक्यावर घेऊन परतली तर गल्लीभर शिंका चालू होत्या. तिनं वर पाहिलं, तर तिन्ही माळवदांवर कुरडया, मिरची एक नाही. तेवढ्यात कडूबाई धापा टाकत आली.

"मनकर्णे, जमादार यायलाय! घोड्यावर. मागं शिपाई हायेत. मारुतीच्या देवळापाशी आलेत!"

मनकर्णा जिना चढून वर गेली, मागोमाग कडूबाई आणि चतुराबाईही. ओढ्याच्या पलीकडं, बाभळीच्या सावलीतून तीन माणसं निघाली होती. पांढरं दिसलं होतं त्यांना. आज जेवायला पुरणपोळी असेल, अशा चालीनं ती येत होती. नवरा, शेजारी, आणि कुणा आईचा तो चष्मेवाला पोरगा, तिघंही तिच्या कुरडयांवर भरवसा ठेवून तुरुंगात चालत निघाले होते.

"लुगडं टाकू का गं लाल?" कडूबाईनं विचारलं.

"लुगडी रोजच वाळत्यात. त्यायला लुगड्यात काय कळणार!"

मागून धुरपताबाई चढून आली. "काय चाललंय तुमचं? खाली शिपाई आलेत अन् तुमी हितं..."

मग मनकर्णानं सांगून टाकलं. चार वाक्यांत सगळं. लाल म्हणजे काय, पांढरं म्हणजे काय, आणि मळ्यातून कोण यायलंय. सांगताना तिला रडू फुटलं. सासू आता आकाशपाताळ एक करील, मला कामून न्हाई सांगितलं म्हणून गल्ली डोक्यावर घेईल, असं तिला वाटलं.

धुरपताबाईनं एवढंच विचारलं, "लाल पायजे का?"

आणि ती जिन्यानं खाली गेली. वर आली ती तिखटाचा डेरा कवेत घेऊन. सकाळपासून घाम गाळून कुटलेलं, वर्षभराचं तिखट. कुरडया पायानं बाजूला सारून तिनं धोतराचं पान अंथरलं आणि डेरा पालथा केला. कडूबाईनं आणि चतुराबाईनं ते पाहिलं आणि दोघी आपापले डेरे आणायला पळाल्या. बघता बघता तिन्ही माळवदं लालभडक झाली.

खाली जमादार दारात येऊन पोचला होता. "मालिक किधर है घर का?" त्यानं घोड्यावरूनच आवाज दिला. त्याच वेळी, वैशाखात रोज दुपारी उठते तशी वावटळ उठली. पसरलेल्या तिखटाला तेवढंच निमित्त हवं होतं. तिन्ही घरांचं तिखट उठलं, गोल फिरलं, आणि सगळ्या गल्लीवर लाल ढगासारखं उतरलं. घोडा शिंकला. घोडा शिंकताना बघायचा योग फार थोड्यांना येतो. मग तो असा उधळला, की जमादार खाली आणि घोडा थेट चुडाव्याच्या वाटेला. शिपाई डोळे चोळत भिंतींवर आदळायला लागले.

"अरे ये क्या कर रहे तुम लोगां! आँखाँ गए मेरे! पानी लाओ, पानी!"

"पाण्यानं आग वाढती, जमादारसाहेब," धुरपताबाई पदर नाकाला लावून खाली उतरली. "ताक घ्या. ताकानं डोळे धुवा." तिनं त्याला पाटावर बसवलं, लोटाभर ताक दिलं, आणि तो डोळे धूत असताना त्यालाच फैलावर घेतलं. "तुमचा घोडा, तुमची धूळ, अन् माझं वर्षाचं तिखट गेलं! आता खाऊ काय? सांगा की!" जमादार बिचारा माफी मागत होता. वर्षाचं तिखट कुणी बाई मुद्दाम उधळील, हे कुणाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं. घराची झडती राहिली, आणि सगळी फौज शिंकत शिंकत आल्या वाटेनं परत गेली.

मनकर्णानं ओढ्याकडं पाहिलं. तिघं थबकले होते. लाल माळवदं आणि त्यावरचा लाल ढग बघून ते उलट्या पावली पळाले, आणि संध्याकाळपर्यंत बाभळीत उपाशी बसले. ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. कडूबाई आणि चतुराबाईही हसायला लागल्या. तिघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं तिखटाचं किती आणि आनंदाचं किती, कुणी बघत बसलं नाही.

त्या दिवसापासून धुरपताबाई कटात सामील झाली. तिची नजर अधू, म्हणून ती अंगणातूनच ओरडून विचारायची, "मनकर्णे, आज लाल का पांढरं?" लालसाठी आता कडूबाईच्या माहेराहून मागून आणलेल्या मूठमूठ मिरच्या होत्या, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. तीन घरांची आमटी तेवढी फिकी झाली. बन्सीधर रोज ताटावर बसून तोंड वाकडं करायचा. मनकर्णा म्हणायची, "तुरुंगात याहून भारी मिळाली असती."

भाद्रपदात निजामाचं राज्य संपलं. खडकवाडीच्या चावडीवर तिरंगा लागला आणि दसऱ्याआधी परभणीहून अण्णासाहेब वकील सत्काराला आले. चावडीवर भाषणं झाली. बायका माळवदांवर बसून ऐकत होत्या. बन्सीधरला हार, सटवाजीला हार, बापूला हार. मग सटवाजी बोलायला उभा राहिला आणि रंगात आला. "पोलीस आलेत हे आमाला मैलावरून कळायचं. वाऱ्याचा वास घेऊन! आखितीच्या टायमाला तर आमी निस्ता वास घेतला अन् मागं फिरलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बन्सीधरनं मान खाली घातली.

"वास घेतला म्हणं!" वर कडूबाई पुटपुटली. "घरी ये, देते वास."

मनकर्णाला मात्र दुसरंच डाचत होतं. चार दिवसांपूर्वी गावात शाळेची बोलणी झाली होती. दिवाळीनंतर मारुतीच्या ओवरीत शाळा भरणार. तिनं बन्सीधरला शब्दाची आठवण दिली, तर तो गुळमुळीत म्हणाला, "लोकं म्हणायलेत, आधी पोरायचं बघू. ओवरीत जागा कमी हाय. पोरींचं पुढं बघता यील." गावाला तोंड देण्यापेक्षा बायकोला तोंड देणं त्याला सोपं वाटलं होतं. तिथं त्याचा हिशेब चुकला.

सत्काराची पंगत बन्सीधरच्याच अंगणात होती. "पाव्हण्यासाठी बाजारातून तिखट आणतो," तो म्हणाला होता. "नगं," मनकर्णा म्हणाली होती. "हाय त्यात भागवते."

पुरणपोळ्या लुसलुशीत झाल्या होत्या, तूप मुबलक होतं. अण्णासाहेबांनी आमटीचा भुरका मारला आणि थांबले. दुसरा मारला. मग हसून म्हणाले, "बन्सीधरराव, आमटीत तिखट घालायचं राहिलं वाटतं."

बन्सीधरनं दाराकडं पाहिलं. दारात मनकर्णा उभी होती. गावच्या सुनेनं परक्या पाहुण्यासमोर, भरल्या पंगतीत बोलायची रीत नव्हती. पण आज गप्प बसले तर विमल जन्मभर खांबाआड उभी राहील, एवढं तिला लख्ख कळत होतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"ऱ्हायलं न्हाई, साहेब. तिखट हायच न्हाई. आमच्या तीन घरचं तिखट तुमच्या स्वराज्याला लागलं."

आणि तिनं सांगितलं. वाळवण, लाल, पांढरं, उखळ, डेरा, वावटळ, जमादाराची शिंक. अडखळली तिथं धुरपताबाईनं आतून जोड दिली, "घोड्याचं सांग गं, घोड्याचं!" अण्णासाहेब पोट धरून हसत होते. सटवाजीला ठसका लागला, तिखट नसताना.

"अन् या बदल्यात म्या एकच मागितलं हुतं," मनकर्णा शेवटी म्हणाली. "शाळंत माझ्या लेकीला जागा. अन्नावर हात ठिवून शब्द दिला हुता."

अण्णासाहेब हसायचे थांबले. "खरं आहे का हे, बन्सीधरराव?"

भरल्या ताटावरून उठू नये म्हणतात. बन्सीधर उठला. उष्ट्या हातानं, सगळ्या गावासमोर. त्याचे कान लाल झाले होते.

"खरं हाय साहेब. आमी वास-बीस काय घेतला न्हाई. आमी बाभळीत बसलो हुतो. जमादार दारात असताना घरी या उभ्या हुत्या. सकाळी हार घातला तवाच बोलायला पायजे हुतं, पर जीभ रेटली न्हाई. माझा शब्द बी म्या खाल्ला. ओवरीत जागा न्हाई म्हणतेत ना? मग शाळा माझ्या ओसरीत भरू द्या. पर विमल बसंल, अन् ज्याला आपली पोर धाडायची त्यानं धाडावी."

"माझी बी यील," कडूबाई आतून म्हणाली. सटवाजीला कुणी विचारलं नाही.

मग अण्णासाहेबांनी गळ्यातला स्वतःचा हार काढून उंबऱ्यावर ठेवला, आणि ती फिकी आमटी आणखी वाढून घेतली. पंगतीत कुणाची मागं राहायची टाप नव्हती. त्या दिवशी आमटीची सगळी भांडी चाटूनपुसून रिकामी झाली.

दिवाळीनंतर शाळा भरली, आणि भरली ओवरीतच. जागेचं काय, मनात आलं की निघते. पहिल्या दिवशी सकाळी बन्सीधर स्वतः विमलचा हात धरून निघाला. तिच्या दुसऱ्या हातात पाटी होती आणि ती बापापुढं दोन पावलं पळत होती.

मनकर्णा माळवदावर चढली. वर काही वाळत नव्हतं. शेजारच्या माळवदांवर कडूबाई आणि चतुराबाई आधीच येऊन उभ्या होत्या. मारुतीच्या वाटेवर मुलं चालली होती. त्यांच्यात विमल होती. तिच्यामागं कडूबाईची बायना, मग चतुराबाईची नात, आणि पुढच्या आळीतून आणखी दोघी-तिघी येत होत्या, ज्यांच्या घरी पोरी धाडा म्हणून सांगायला कुणी गेलंच नव्हतं. विमल ओवरीच्या पायऱ्या चढली. खांबापाशी क्षणभर थांबली आणि आत गेली. मनकर्णाच्या डोळ्यांना धार लागली.

खाली अंगणात धुरपताबाई हातातली काठी टेकून, मान वर करून उभी होती. तिला तिथून काही दिसत नव्हतं.

"मनकर्णे," तिनं हाक मारली, "लाल का पांढरं गं?"

मनकर्णानं पदरानं डोळे पुसले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं,

"पांढरं, आत्याबाई! समदं पांढरं!"